गाणं ऐकत व्यायाम की व्यायामातून गाणं? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात जर्मनीतल्या लाइपझिगमधल्या व्यायामाच्या मशीनबद्दल छोटीशी नोंद आली होती, मशीन ओढलं की त्यातून संगीत निघतं ती. त्यावर इतके मेल आणि व्हॉट्सॲप आले की या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय. एकसारखे प्रश्न एकत्र केलेत आणि नावं गाळलीत. मी स्वतः फिजिओथेरपीत काम करते, त्यामुळे उत्तरं थोडी त्या अंगाने जातील.

प्रश्न : घरात ट्रेडमिल आहे, सध्या त्यावर टॉवेल वाळत असतात. मिस्टरांनी मोठा स्पीकर आणला, माझ्या आवडीची गाणी लावून दिली, तरी पंधरा मिनिटांत कंटाळा येतो तो येतोच. तुमचं ते मशीन याच्यापेक्षा वेगळं काय करतं? शेवटी संगीत ते संगीतच ना? – एक वाचक, कोल्हापूर

नाही हो ताई, फार फरक आहे. स्पीकरवरचं गाणं तुम्ही चाललात तरी वाजतं आणि थांबलात तरी वाजतं, त्याला तुमच्याशी काही देणंघेणं नसतं. लाइपझिगला माक्स प्लांक संस्थेत टॉमस फ्रिट्झ म्हणून संशोधक आहेत, त्यांनी आणि त्यांच्या टीमने जिममधली नेहमीचीच मशीनं घेतली, वरून बार खाली ओढायचं एक, पोटाच्या व्यायामाचं एक आणि एक स्टेपर, म्हणजे पायऱ्या चढल्यासारखे पाय दाबायचं, त्यांना सेन्सर लावले आणि ते संगीताच्या सॉफ्टवेअरला जोडून दिले. आता बार कसा ओढला, किती ओढला यावर सूर बदलतो. तिघं जण तीन मशीनवर बसले की तिघांचं मिळून एक संगीत तयार होतं, आणि एकाने हात सोडला तर त्याचा वाटा थांबतो, बाकीच्या दोघांना ते लगेच कळतं. याला त्यांनी जिमिन असं नाव दिलंय.

२०१३ मध्ये यांचा पेपर अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या नियतकालिकात आला. त्यात दमवणारा व्यायाम दोन प्रकारे करून घेतला होता, एकदा नुसतं संगीत ऐकत आणि एकदा मशीनमधून स्वतः वाजवत, आणि तोंडाला मास्क लावून श्वासातला ऑक्सिजनही मोजला होता. वाजवताना लोकांना दमणूक कमी वाटली. आणि ते नुसतं वाटणं नव्हतं, तेवढंच काम स्नायू कमी ऊर्जेत करत होते असंही त्या टीमने सांगितलं.

मला यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग वाटतो तो असा, की इतकी वर्षं आपण सगळे धरून चाललो होतो की गाण्याने लक्ष दुसरीकडे जातं म्हणून दुखणं, दमणं जाणवत नाही. ऐकण्याच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरं आहेच. पण स्वतः वाजवताना लक्ष दुसरीकडे नेऊन कसं चालेल? हात किती खाली गेला, पाय कधी दाबला, हे नीट जाणवलं तरच सूर नीट येणार ना, म्हणजे उलट लक्ष सगळं शरीरात असतं, आणि तरीही दमणूक कमी वाटते! त्यामुळे नुसतं लक्ष विचलित होतं हे उत्तर इथे पुरत नाही. फ्रिट्झ यांचं म्हणणं असं की आपण ठरवून, मन मारून स्नायू हलवतो तेव्हाचा ताण वेगळा आणि भावनेच्या भरात, गाण्याच्या ओघात हलवतो तेव्हाचा वेगळा, दुसऱ्यात शरीर कमी अडखळतं.

२०१८ मध्ये याच टीमने आणखी एक साधा प्रयोग केला. २२ लोकांना १० मिनिटं व्यायाम करायला लावला, एकदा संगीत ऐकत, एकदा वाजवत, आणि नंतर १ अंश सेल्सिअसच्या बर्फाळ पाण्यात हात घालायला सांगितलं, सहन होईल तोवर. वाजवल्यानंतर लोक सरासरी ५ सेकंद जास्त टिकले. ५ सेकंद ऐकायला किरकोळ वाटतात, पण बर्फाच्या पाण्यात हात घालून बघा एकदा. शिवाय मी रोज असे पेशंट बघते ज्यांचं सगळं घोडं दुखण्याच्या भीतीपाशीच अडलेलं असतं, त्यांच्यासाठी एवढा फरकसुद्धा पहिलं पाऊल टाकायला पुरतो.

आता तुमच्या ट्रेडमिलचं. खरं सांगायचं तर या कामासाठी ती सगळ्यात वाईट वस्तू आहे कारण वेग पट्टा ठरवतो, तुम्ही फक्त मागे पडायचं नाही एवढंच बघता. त्यापेक्षा जिन्याची खालची पायरी घ्या, एका हाताने कठडा धरा, मिस्टरांनाही उभं करा, दोघांनी मोकळ्या हातात खंजिरी नाहीतर खुळखुळा घ्यायचा आणि पायरी चढता-उतरता वाजवायचं, आधी एकाने ठेका धरायचा, दुसऱ्याने मधल्या जागा भरायच्या. स्पीकर बंद. शेजारी काय म्हणतील ते म्हणू देत. चार दिवस करून बघा आणि मला कळवा, मला खरंच उत्सुकता आहे.

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यात हायस्कूलला पीटी शिक्षक आहे. शाळेत लेझमीचे जोड धूळ खात पडलेत, मुलं म्हणतात सर जुनाट वाटतं, स्पीकर लावून झुम्बा घ्या. पालकांचंही तेच. तुमची नोंद वाचून वाटलं की लेझीम म्हणजे हेच तर झालं. बरोबर आहे का माझं?

सर, शंभर टक्के बरोबर आहे आणि तुम्ही लिहिलंत याचा मला इतका आनंद झाला की काय सांगू. लेझीम हे व्यायामाचंच साधन, आणि आवाज त्याच्या आतच आहे. लाकडी दांडा, त्याला लोखंडी साखळी, साखळीत चकत्या. दांडा आणि मूठ एकमेकांपासून झटक्यात लांब गेले, साखळी ताणली गेली की ‘छण्ण’ असा एकच स्वच्छ ठोका येतो, आणि कोपर ढिलं असलं, हात अर्धवट उघडला की नुसतं खळखळतं. मुलाला कुणी सांगावं लागत नाही की तुझा हात पूर्ण उघडला नाही म्हणून, त्याच्या कानाला ते त्याच क्षणी कळतं. लाइपझिगला हजारो रुपयांचे सेन्सर जे काम करतात ते इथे साखळी करते.

पूर्वी आखाड्यात धनुष्यासारखी जड लेझीम असायची, लोखंडी साखळीची, ताकद कमवायला. आणि ही नुसती आपली गोष्ट नाही, इराणमध्ये झूरखाने म्हणून पारंपरिक व्यायामशाळा आहेत तिथे आजही कब्बादे नावाचं लोखंडी धनुष्य डोक्यावर धरून डावी-उजवीकडे हलवतात, त्याच्या साखळीतल्या चकत्या वाजत असतात, आणि उंच ओट्यावर बसलेला मोर्शेद ढोल आणि घंटा वाजवत, काव्य म्हणत सगळ्यांचा वेग सांभाळतो. युनेस्कोने २०१० मध्ये त्याला वारशाच्या यादीत घेतलं. आपल्या लेझमीचं त्याच्याशी सख्खं नातं आहे.

मात्र एक काळजी घ्या. ‘आपल्याकडे हे आधीपासूनच होतं, गोऱ्यांनी आत्ता शोधलं’ असं मुलांना सांगू नका. होतं हे खरं. जात्यावरच्या ओव्यांचंच बघा, हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या अभ्यासकांनी गावोगाव फिरून लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या, त्या सगळ्या बायकांनी दगड फिरवता फिरवता म्हटलेल्या आहेत, कष्ट आणि गाणं एकाच दमात. पण त्याने दमणूक किती कमी होते हे मास्क लावून मोजलं ते लाइपझिगने, आणि त्याच पेपरात त्यांनी असंही सुचवलंय की माणसात संगीत वाढलं त्यामागे कदाचित हेच एक कारण असेल, संगीत केल्याने कष्ट हलके होतात. म्हणजे त्यांच्या आकड्यांनी आपल्या आज्यांचं काम मोठंच केलंय, भांडायचं कशाला.

वर्गात काय करायचं? पहिले काही तास हलगीसुद्धा नको, स्पीकर तर नाहीच. ६० मुलांना एकदम उभं करू नका, सहा-सहांचे गट करा, बाकीच्यांनी डोळे मिटून ऐकायचं आणि सांगायचं की ठोका एक आला की फाटला. सहा लेझमींचा एकच ठोका जेव्हा पहिल्यांदा येतो ना, तेव्हा त्या मुलांचे चेहरे बघण्यासारखे असतात, त्यानंतर बैठकीचा हात, पवित्र्याचा हात घेतलात तरी कुणी कुरकुरत नाही. नंतर हलगी आणा. आणि झुम्बाला विरोध करू नका, आठवड्यात एक दिवस तोही घ्या, मुलांना दोन्हीतला फरक स्वतःलाच कळू दे.

प्रश्न : वडिलांना पार्किन्सन्स आहे. चालताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात, दारातून जाताना तर अडूनच बसतात. संगीताने फायदा होईल का? – ठाणे

होऊ शकतो, आणि यावर बरंच जुनं, भक्कम काम आहे. मायकल थॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत कोलोराडोमध्ये १९९६ मध्ये दाखवलं होतं की ठाशीव ठेक्यावर घरच्या घरी ३ आठवडे रोज चालण्याचा सराव केला तर पार्किन्सन्सच्या पेशंटचा चालण्याचा वेग साधारण २५ टक्क्यांनी वाढला, पावलंही लांब पडायला लागली. या आजारात मेंदूचा आतला ठेका बिघडतो, मग बाहेरून कानावाटे ठेका दिला तर पाय त्याला धरून उचलले जातात.

हे आधीच्या दोन उत्तरांपेक्षा वेगळं आहे हे लक्षात घ्या. इथे वडिलांनी वाजवायचं नाहीये, त्यांना आधार म्हणून बाहेरचा ठेका द्यायचाय. आधी ते नेहमीसारखे चालतात तेव्हा मिनिटाला किती पावलं पडतात ते मोजा, मोबाइलवर मेट्रोनोमचं, म्हणजे ठरावीक वेगाने टकटक ठेका देणारं फुकट ॲप असतं त्यात तेवढाच आकडा लावा, आणि नीट जमायला लागल्यावर हळूहळू ५ ते १० टक्के वाढवा, एकदम नको. गाणंच लावायचं असेल तर ठेका ठळक ऐकू येईल असं लावा, संथ आलापाचं नको. दारात अडले तर तोंडाने ‘एक, दोन, एक, दोन’ म्हणा आणि त्यांनाही म्हणायला लावा, ओढू मात्र नका, ओढलं की तोल जातो. सुरुवातीला शेजारी कुणीतरी हवंच आणि न्यूरोलॉजिस्टला आणि फिजिओला सांगून करा, कारण गोळीचा असर असतो त्या वेळात सराव ठेवणं बरं पडतं.

प्रश्न : मी हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये आहे. आईच्या कंबरदुखीसाठी मोबाइलच्या सेन्सरवर चालणारं ॲप करायचं डोक्यात आहे, वाकली की सूर वाढत जाईल असं काहीतरी. काय काळजी घ्यावी?

कल्पना छान आहे, करा नक्की. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये जुनाट कंबरदुखीच्या लोकांसाठी जवळजवळ असंच केलं होतं, पाठीवर फोन बांधायचा आणि पुढे झुकत गेलं की सूर चढत जातात. त्यातली मला फार आवडलेली गोष्ट म्हणजे कुठपर्यंत वाकायचं ते पेशंट स्वतः ठरवायचा. आपल्याला आरामात जमतं तो टप्पा एक, जास्तीत जास्त जमतं तो दुसरा, आणि सुरांची चढण तेवढ्यातच बसवायची. म्हणजे आज १५ अंशच वाकता आलं तरी सुरावट पूर्ण होते. जुनं दुखणं असलेल्या माणसाला ‘तुझं कमी पडलं’ हे रोज ऐकायची सवय झालेली असते हो, तुमच्या ॲपने तरी ते म्हणू नये. चुकलं की बझर, कमी झालं की लाल रंग, हे सगळं काढून टाका.

दुसरं, आवाज लगेच आला पाहिजे. ब्लूटूथच्या हेडफोनला शे-दोनशे मिलिसेकंद उशीर सहज होतो, गाणं ऐकताना ते कळत नाही पण हालचालीचा सूर उशिरा आला की मेंदू तो आपला मानतच नाही आणि सगळी मजा जाते. फोनचा स्वतःचा स्पीकर किंवा वायरचे इयरफोन वापरा.

तिसरं, सूर नुसता वर-खाली करू नका, त्याला अर्थ असू दे. आयसीयूत पल्स ऑक्सिमीटरची पीप ऐकलीच असेल, ऑक्सिजन उतरला की पीपचा सूर खाली जातो, नर्स पाठमोरी असली तरी तिला कळतं, इतकं ते साधं आहे. तुमच्या आईलाही न शिकवता कळलं पाहिजे की सूर पूर्ण झाला, आता परत सरळ व्हायचं.

आणि नव्याची नवलाई धरून चाला. २००९ मध्ये स्टॉकहोमला ओडेनप्लानच्या मेट्रो स्टेशनवर जिन्याच्या पायऱ्यांना पियानोच्या पट्ट्या केल्या होत्या, पाय पडला की सूर. सरकता जिना सोडून ६६ टक्के जास्त लोक पायऱ्यांनी गेले असं सांगतात, पण ती फोक्सवॅगनची जाहिरात मोहीम होती, थोड्या दिवसांची. रोज त्याच पायरीवर तोच सूर आला तर महिन्याभराने कुणाला कौतुक राहील? म्हणून आईला आवडणारे राग, भजनाच्या चाली, काय ते बदलत ठेवा, आणि शक्य झालं तर तुम्ही दुसऱ्या फोनवरून तिच्यासोबत वाजवा. दोघांचं मिळून झालं की जास्त टिकतं, हे माझं रोजच्या कामातलं मत आहे.

तुमचं ॲप होईपर्यंत एक फुकटचा उपाय देते. खांदा आखडलेल्या पेशंटला मी दाराच्या चौकटीला दोरीने छोटी घंटा टांगायला सांगते, आज हात जिथे पोचतो त्याच्या बोटभर वर. भिंतीवरून बोटं चढवत न्यायची आणि घंटा वाजवायची. वाजायला लागली सहज की दोरी बोटभर वर. दुखणं असह्य झालं तर त्या दिवशी घंटा खाली घ्यायची, त्यात काही कमीपणा नाही.

प्रश्न : माझी बायपास झालीये, वय ६३. गाणी लावली की चालायचं भानच राहत नाही, तासभर कसा जातो कळत नाही. चांगलंच आहे ना? – नागपूर

काका, चालताय हे फारच चांगलं, पण ते ‘भानच राहत नाही’ वाचून मी जरा थांबले. हृदयाच्या पेशंटला व्यायाम किती करायचा हे आम्ही बऱ्याचदा बोर्ग स्केलवर ठरवतो, म्हणजे किती दमल्यासारखं वाटतंय त्याला ६ ते २० मध्ये आकडा द्यायचा. बीटा ब्लॉकरच्या गोळ्या चालू असल्या की नाडी मुळातच कमी राहते, मग नाडीवर भरवसा ठेवता येत नाही आणि या वाटण्यावरच जास्त मदार असते. आणि संगीत नेमकं तेच वाटणं कमी करतं. म्हणजे तुम्ही म्हणणार ११, आणि हृदयावरचा भार असेल १३ चा. तरुण माणसाला हा फायदा आहे, तुम्हाला मात्र सांभाळून घ्यायला हवा.

म्हणून दर दहा मिनिटांनी गाणं बंद करा आणि मोठ्याने दोन वाक्यं बोलून बघा. धाप न लागता पूर्ण वाक्य बोलता आलं तर ठीक, शब्दाशब्दाला श्वास घ्यावा लागला तर वेग कमी करा. छातीत दाब, चक्कर, थंड घाम, असं काहीही झालं तर तिथेच थांबायचं आणि मदत मागायची, गाणं संपायची वाट बघायची नाही. वेळ घड्याळावर ठरवा, प्लेलिस्टवर नको, आणि तो तुमच्या डॉक्टरांना विचारूनच.

प्रश्न : पळताना कोणत्या वेगाची गाणी लावावीत? इयरफोन दोन्ही कानात चालतील का?

लंडनच्या ब्रुनेल युनिव्हर्सिटीतले कॉस्टास कारागिऑर्गिस यांचं यावर मोठं काम आहे, त्यातून साधारण मिनिटाला १२० ते १४० ठोक्यांची गाणी बहुतेकांना मानवतात. हलक्या-मध्यम व्यायामात ऐकण्यानेही दमणूक १० टक्क्यांच्या आसपास कमी वाटते, पण जीव तोडून पळायला लागलात की शरीराचा आवाज गाण्यावर मात करतो, तेव्हा दमणूक तेवढीच जाणवते, मूड तेवढा चांगला राहतो. रस्त्यावर दोन्ही कान बंद करू नका. आपल्याकडे मागून येणारी दुचाकी उलट्या बाजूनेही येते, एक कान मोकळा ठेवा. आणि आवाजाचं प्रमाण, जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास ही मोठ्या माणसाची मर्यादा आहे, त्यात ऑफिसमधले कॉल आणि रात्रीची वेबसिरीजही आली.